दोन शहरांमधले हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

“मुंबईहून नागपूर किती लांब आहे?” हा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरे मिळतात आणि गंमत म्हणजे चारही बरोबर असू शकतात. रेल्वेचा माणूस ८३७ किलोमीटर सांगेल, समृद्धी महामार्गाने गाडी नेणारा ७०१ म्हणेल, विमानतळावरचा जाणकार ६८३ वर ठाम राहील आणि नेहमी ये-जा करणारा व्यापारी किलोमीटरच्या भानगडीत न पडता “दीड तास” एवढेच उत्तर देईल. यांतल्या प्रत्येकाने मोजमापाची सुरुवात वेगळ्या जागेपासून केलेली आहे, वाट वेगळी धरलेली आहे आणि शेवटच्याने तर मापच बदललेले आहे. संकेतस्थळांवर दोन शहरांची नावे टाकली की एक आकडा लगेच समोर येतो, पण तो कशाचा आहे हे कळले नाही तर त्याच्यावर तिकीट, टॅक्सी आणि पुढची गाडी यांचा बेत बांधणे धोक्याचे ठरते. म्हणून हा हिशेब कागद-पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः कसा करायचा, हे मुंबई–नागपूरच्या उदाहरणावरून पाहू. परदेश प्रवासात जे वेगळे प्रश्न येतात त्यांच्यासाठी दुबई आणि लंडन यांची उदाहरणे घेऊ.

आधी ठरवा: कुठून आणि कुठपर्यंत

शहर हा एक बिंदू नसतो. जुन्या मुंबईत मैलांचे दगड फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजले जात, आणि नागपुरात तर चार घोडे आणि एक स्तंभ असलेले ‘झिरो माईल’ हे ठिकाण आजही सीताबर्डीजवळ उभे आहे. रेल्वेचे ८३७ किलोमीटर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर स्थानकापर्यंतचे आहेत. समृद्धीचे ७०१ किलोमीटर मात्र मुंबईत सुरूच होत नाहीत, ते भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापासून पुढे मोजलेले आहेत, त्यामुळे अंधेरीत किंवा दादरला राहणाऱ्याने त्यांत आमण्यापर्यंतचा रस्ता स्वतः मिळवायचा असतो. विमानाचे अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत धरतात, आणि मुंबईच्या बाबतीत आता “कोणता विमानतळ” हेही विचारावे लागते, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. तिकिटावरचे शहराचे नाव वाचून समाधान मानू नये. विमानतळाचे नाव आणि टर्मिनलचा क्रमांक हे दोन्ही पाहून ते कागदावर सर्वांत वर लिहावेत.

हे मी उगाच सांगत नाही. एकदा टर्मिनल एकचे तिकीट खिशात असताना मी सवयीने सहारच्या टर्मिनल दोनवर उतरलो होतो. दोन्ही टर्मिनलांच्या धावपट्ट्या त्याच असल्या तरी रस्त्याने त्यांच्यात चार-पाच किलोमीटर आहेत, आणि सकाळी नऊच्या गर्दीत ते चार-पाच किलोमीटर नागपूरपेक्षा लांब वाटतात.

हवाई अंतर काढण्याची सोपी रीत

दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश लागतात. ते नकाशाच्या कोणत्याही ॲपमध्ये त्या जागेवर बोट दाबून धरले की दिसतात. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे, तर नागपूरचा सोनेगावचा विमानतळ २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे. म्हणजे अक्षांशांतला फरक २.०० अंश आणि रेखांशांतला फरक ६.१८ अंश.

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही जवळपास १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचे तसे नसते. विषुववृत्तावर तो जवळजवळ तेवढाच भरतो, पण ध्रुवाकडे जावे तसा आक्रसत जातो, आणि किती आक्रसला हे त्या जागेच्या अक्षांशाच्या ‘कोसाइन’वरून (कॅल्क्युलेटरवरचे ‘cos’ बटण) कळते. आपल्या दोन ठिकाणांचा मधला अक्षांश साधारण २० अंश आहे आणि त्याचे कोसाइन ०.९४, म्हणून महाराष्ट्राच्या या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किलोमीटरचा धरावा. आता उत्तर-दक्षिण अंतर २ गुणिले १११, म्हणजे २२२ किलोमीटर झाले आणि पूर्व-पश्चिम अंतर ६.१८ गुणिले १०४.५, म्हणजे ६४६ किलोमीटर झाले. पुढचे काम शाळेत शिकलेल्या काटकोन त्रिकोणाचे आहे: दोन्ही अंतरांचे वर्ग करावेत, बेरीज करावी आणि वर्गमूळ काढावे. २२२ चा वर्ग ४९,२८४ आणि ६४६ चा ४,१७,३१६. बेरीज ४,६६,६०० आणि तिचे वर्गमूळ ६८३. मुंबई ते नागपूर हवाई अंतर ६८३ किलोमीटर.

जाता जाता याच सहा अंशांतून आणखी एक गोष्ट निघते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून नागपुरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मुंबईत त्याला तिथपर्यंत यायला अजून सुमारे २५ मिनिटे बाकी असतात, घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात.

ही रीत देशातल्या देशात, हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत बिनधास्त वापरावी. त्याहून लांबच्या अंतराला पृथ्वीची गोलाई नडते आणि तिथे पूर्ण सूत्र लावावे लागते: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचे कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवायचा, आलेल्या संख्येचा व्यस्त कोसाइन (‘cos⁻¹’ बटण) घेऊन अंश काढायचे आणि त्यांना १११.२ ने गुणायचे. मुंबई आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यासाठी हे केले तर ६४.९ अंश, म्हणजे सुमारे ७,२१० किलोमीटर येतात. ज्यांना साइन-कोसाइनचा कंटाळा आहे त्यांनी मुलांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्यावा, दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा आणि तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून पाहावा. विषुववृत्ताची पूर्ण फेरी ४०,००० किलोमीटरची आहे, त्या प्रमाणात अंतर काढावे. नकाशाच्या ॲपमधली ‘अंतर मोजा’ ही सोयही तेच काम करते.

दोऱ्याची रीत मला अधिक आवडते, कारण तिच्यात वाट दिसते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई–लंडन विमानाचा मार्ग धनुष्यासारखा वाकलेला दिसतो आणि पायलट वळसा घालून नेतो आहे असे वाटते, पण गोलावर तोच ताणलेला सरळ दोरा असतो. तो मुंबईहून वायव्येला निघतो, सौराष्ट्र-कच्छवरून कराचीच्या आसपास पोहोचतो आणि पुढे इराणच्या बाजूने युरोपात शिरतो. वेळेच्या हिशेबात हा दोरा पुढे पुन्हा लागणार आहे.

एककांची गल्लत

विमानाच्या जगात किलोमीटर फारसे कोणी बोलत नाही. तिथे सागरी मैल चालतो. तो १.८५२ किलोमीटरचा असतो आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर ४५० हा आकडा दिसला आणि तो किलोमीटर समजला तर हिशेब जवळजवळ दुपटीने चुकतो, कारण ४५० नॉट म्हणजे ताशी सुमारे ८३३ किलोमीटर. इंग्लंड-अमेरिकेतल्या रस्त्यांचा मैल हा तिसराच, १.६०९ किलोमीटरचा. आपले ६८३ किलोमीटर म्हणजे ३६९ सागरी मैल, किंवा ४२४ साधे मैल. कोणताही आकडा उतरवून घेताना शेजारी एकक लिहिण्याची सवय लावावी.

अंतरावरून वेळ

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ ही आपल्याकडची नेहमीची विमाने उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. ६८३ ला ८३० ने भागले तर ४९ मिनिटे येतात, मग तिकिटावर दीड तासाच्या आसपासची वेळ का लिहिलेली असते? उरलेली चाळीस मिनिटे जातात कुठे, हे नीट पाहिले म्हणजे वेळ काढण्याचे सूत्र पाठ करावे लागत नाही.

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान जमिनीवरून उचलण्याची वेळ नसते. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हलते ती वेळ तिकिटावर असते, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते ती. मधल्या सगळ्या वेळाला या व्यवसायात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. मुंबईत हलल्यापासून उड्डाणापर्यंत दहा मिनिटे लागू शकतात, रांग असेल तर पंचवीसही. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसभर उतरणारी आणि उडणारी विमाने आळीपाळीने सोडावी लागतात.

आता खिडकीत बसून पाहा. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा बहुधा समुद्राकडून येत असल्याने विमान पश्चिमेला तोंड करून उडते. नागपूर आहे पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. म्हणजे आपण विलेपार्ल्याच्या छपरांवरून, जुहूच्या किनाऱ्यावरून थेट अरबी समुद्रावर जातो, तिथे मोठे वळण घेतो आणि काही मिनिटांनी पुन्हा त्याच किनाऱ्यावरून उलटे येऊन सह्याद्री ओलांडतो. एवढा वेळ नागपूर एक किलोमीटरही जवळ आलेले नसते. त्यात दहा हजार फुटांखाली वेग साधारण २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या मर्यादेत ठेवावा लागतो, आणि तेहतीस-पस्तीस हजार फुटांपर्यंत चढायला वीस-पंचवीस मिनिटे जातात. जेमतेम वर पोहोचून पाण्याची बाटली उघडावी तोच उतरण्याची तयारी सुरू होते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी तिरकी आहे, तिच्या रेषेत येण्यासाठी शेवटी पुन्हा एक वळण असते.

या सगळ्याचा अंदाज एका साध्या आडाख्यात बसवता येतो: किलोमीटरमधल्या हवाई अंतराला ८०० ने भागावे, आलेल्या तासांची मिनिटे करावीत आणि त्यांत ३० मिनिटे मिळवावीत. नागपूरसाठी ५१ अधिक ३०, म्हणजे ८१ मिनिटे. विमानकंपनी याच्यावर गर्दीची म्हणून पाच ते पंधरा मिनिटे आणखी धरते. वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत जे विमान येते-जाते ते ‘वेळेवर’ गणले जाते, तेव्हा वेळापत्रक थोडे सैल ठेवण्यात कंपनीचा फायदाच असतो. “आपण नियोजित वेळेपूर्वी पोहोचलो आहोत” ही घोषणा ऐकून फार हरखून जाऊ नये.

विमान पंख्याचे असेल, उदाहरणार्थ एटीआर-७२, तर भागायला ८०० ऐवजी ५०० घ्यावेत. छोट्या शहरांना जाणारी विमाने बहुधा याच जातीची असतात आणि तिकिटावर बारीक अक्षरांत विमानाचा प्रकार दिलेला असतो. कमी अंतरात फरक थोडा पडतो, पण ६८३ किलोमीटरला तोच प्रवास जवळपास दोन तासांवर जातो.

वारा आणि बंद वाटा

भारताच्या उत्तर भागावर हिवाळ्यात, खूप उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो आणि पश्चिमेला जाणाऱ्याला समोरून अडवतो. समजा वाऱ्याचा परिणाम ताशी ५० किलोमीटरचा आहे, तर मुंबई–नागपूरला जाताना आणि येताना मिळून पाच-सहा मिनिटांचाच फरक पडेल, म्हणून इथे तो सोडून दिला तरी चालतो. लंडनच्या ७,२१० किलोमीटरला मात्र तेवढ्याच वाऱ्याने जाण्यायेण्यात एका तासाहून अधिक फरक पडतो. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतीचा प्रवास नऊच्या आसपास होतो. आडाख्याने लांब पल्ल्याचा वेळ काढताना ८०० ऐवजी ८५० ने भागावे, आणि पश्चिमेकडे जाताना अर्धा-पाऊण तास वाढवावा.

आता तो दोरा आठवा. तो कराचीजवळून जातो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. त्यामुळे शहरे तीच, अंतर तेच, तरीही एका कंपनीचे विमान सरळ आणि दुसरीचे अरबी समुद्रावरून वळसा घालून, असा प्रकार सुरू झाला. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत ही वाट बंद होती. अशा वेळी कोणतेही सूत्र उपयोगाचे नसते. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या उड्डाणाचा क्रमांक टाकावा, गेल्या सात दिवसांत ते प्रत्यक्ष किती वेळात पोहोचले हे पाहावे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असे दोन दिवस सोडून द्यावेत आणि उरलेल्या पाचांवर विश्वास ठेवावा. माझ्या मते देशांतर्गत प्रवासालाही ही पडताळणी करावीच. तिला दोन मिनिटे लागतात.

दोन घड्याळे

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या शहराची असते. मुंबई–दुबई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, आपल्या आडाख्याने जवळपास तीन तास. पण पहाटे चारला निघून पावणेसहाला पोहोचणारे तिकीट पाहून पहिल्यांदा जाणारा माणूस म्हणतो, “पावणेदोन तासांत दुबई!” दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, म्हणून खरा वेळ सव्वातीन तासांचा. परतताना रात्री दहाला निघून अडीचला उतरलो तर साडेचार तास गेल्यासारखे वाटतात, पण त्यांतून दीड वजा केला की तीनच उरतात. नियम एकच ठेवावा: दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहाव्यात, मगच वजाबाकी करावी. पोहोचण्याच्या वेळेशेजारी ‘+१’ असेल तर तारीख बदललेली असते, आणि न्यायला येणाऱ्या नातेवाइकाला तारखेसकट वेळ कळवावी.

लंडनच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. तिथले घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. त्यामुळे उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच. त्या रविवारांच्या आसपास प्रवास असेल तर पुढच्या गाडीची वेळ पुन्हा तपासावी. काठमांडूचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधराच मिनिटे पुढे असते, आणि इतका छोटा फरक हमखास विसरला जातो.

‘थेट’ या शब्दानेही फसू नये. थेट उड्डाण म्हणजे वाटेत न थांबणारे असेलच असे नाही, उड्डाणाचा क्रमांक तोच ठेवून मध्ये एखाद्या शहरात थांबणाऱ्या विमानालाही तसे म्हणतात. तिकिटाच्या तपशिलात ‘नॉनस्टॉप’ किंवा शून्य थांबे असे लिहिलेले आहे ना, ते पाहावे.

घर ते घर

शेवटचा हिशेब, आणि माझ्या मते खरा उपयोगाचा, हा उलटा करायचा असतो. डोंबिवलीहून नागपूरच्या धरमपेठेत जायचे आहे आणि विमान सकाळी साडेदहाचे आहे असे धरू. देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर साधारण साठ मिनिटे आधी बंद होतात, म्हणजे साडेनऊला. त्याआधी पाऊण तास हाताशी ठेवला तर पावणेनऊला विमानतळाच्या दारात, आणि रस्त्याला दोन तास धरले तर पावणेसातला घराबाहेर. विमान बाराला उतरले, पट्ट्यावरून बॅग यायला वीस मिनिटे गेली आणि पुढे रिक्षा-टॅक्सीला अर्धा तास, म्हणजे बारा पन्नासला धरमपेठ. सगळे मिळून सहा तास पाच मिनिटे, आणि त्यांत विमान हवेत होते जेमतेम सव्वा तास. ६८३ किलोमीटरच्या प्रवासाचा घर ते घर सरासरी वेग ताशी ११२ किलोमीटर पडला. समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादा १२० आहे.

याच्या शेजारी विदर्भ एक्सप्रेस ठेवून पाहावी. ती संध्याकाळी मुंबई सोडते, कल्याणला थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला पोहोचते. नाशिक, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत ती ८३७ किलोमीटर धावते, म्हणजे हवाई अंतराच्या सव्वापट, पण तो वेळ झोपेत जातो आणि एका रात्रीचे हॉटेल वाचते. सकाळी अकराची सुनावणी किंवा कार्यालयातले काम असेल तर डोंबिवलीकराला मी रेल्वेच सुचवीन, त्याच दिवशी परतायचे असेल तर विमान. अंधेरीत राहणाऱ्यासाठी दोन तासांचा रस्ता वीस मिनिटांवर येतो आणि उत्तर बदलते. चेंबूर-वाशीकरांनी नवी मुंबईच्या विमानतळावरून मिळणारे उड्डाणही याच कागदावर मांडून पाहावे.

पुढे जोडगाडी किंवा दुसरे विमान असेल तर दोन वेगवेगळी तिकिटे काढण्यापूर्वी मध्ये किमान तीन तास ठेवावेत, कारण वेगळ्या तिकिटांत पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर त्याची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी एकेक दिवस काही तास बंद ठेवतात. त्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या सुमारास प्रवास असेल तर त्या पाहून घ्याव्यात.